थांबाभावजी आणि बटणांच्या दुकानाचा पत्ता

वहिनींची आणि भावजींची पहिली भेट दाराच्या घंटेवरून झाली. घंटा वाजली, वहिनी हात पुसत गेल्या, दार उघडलं, तर समोर एक लांबलचक गृहस्थ उभे आणि घंटा त्यांच्या हातात. भिंतीतून निघालेल्या दोन वायरी बोटांत अडकलेल्या, ओठांत स्क्रू, कोटाच्या बाहीला चुना, आणि चेहऱ्यावर अवघड शस्त्रक्रिया पार पाडल्याचं समाधान.

"आवाज चिरका होता," ओठांतले स्क्रू सांभाळत ते म्हणाले. "दोन मिनिटं थांबा."

त्यांच्यामागे नणंद उभी होती. ज्याच्याशी लग्न करायचं तिनं ठरवलं होतं तो माणूस घरच्यांना दाखवायला ती घेऊन आली होती, आणि माणूस उंबऱ्याच्या अलीकडेच कामाला लागला होता. ती दोन मिनिटं संध्याकाळपर्यंत चालली. तेवढ्यात घंटा, जिन्यातला दिवा आणि सासऱ्यांचं कानाचं यंत्र असे तीन जीव धारातीर्थी पडले. घंटा त्या दिवसापासून शेजाऱ्यांनी फ्रिज उघडला की वाजायची. सासऱ्यांच्या यंत्रात कोपऱ्यावरच्या टॅक्सीवाल्यांचं बोलणं ऐकू यायला लागलं. लग्नाची सगळी बोलणी चालू असताना ते माना डोलवत "हो, चालेल, या लगेच" असं म्हणत होते. ते लग्नाला म्हणाले की टॅक्सीला, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

लग्न मात्र झालं.

भावजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे आकडे उतरवून घेण्याच्या कामावर होते. नोकरी दुपारपर्यंत संपायची आणि मग त्यांचं खरं आयुष्य सुरू व्हायचं. कुणाचा पंखा, कुणाचं शिलाई मशीन, कुणाचा मोबाइल. बोलावलं तर यायचेच, न बोलावता जास्त लवकर यायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत. मोडकी वस्तू त्यांच्या हातात गेली की तिच्या मालकाला उद्देशून त्यांचा एकच शब्द असायचा, "थांबा." त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना थांबाभावजी म्हणायची. मोडलेल्या वस्तू त्यांच्या हातून दुरुस्त व्हायच्याही, नाही असं नाही. पण एक दुरुस्त करताना तिच्या शेजारची दुसरी जायची.

अशा माणसाला दारातूनच परत पाठवावं, एवढी अक्कल वहिनींना नव्हती असं नाही. पण दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, आजारी पडले तेव्हा हा माणूस रोज कचेरी सुटली की दवाखान्यात येऊन बसायचा. सख्खे नातलग फळं ठेवून घड्याळाकडे बघत निघून जायचे. भावजी बसून राहायचे. एकदा पलंग वर-खाली करायचा दांडा कुरकुरतो म्हणून त्यांनी तो खोलला, आणि दादा धड बसलेले ना धड आडवे असे मधेच अडकून पडले. नर्स आरडाओरडा करत धावली. दादा पोट धरून हसले. त्यानंतर ते मोठ्यानं असे हसलेच नाहीत, कारण पुढच्या आठवड्यात ते गेले. त्या एका हसण्याच्या बदल्यात वहिनींनी भावजींना पुढं काय काय करू दिलं, ते ऐकण्यासारखं आहे. गोड मानून घेण्यासारखं नाही.

दादांचं दुकान बटणांचं होतं. एका भिंतीभर लहान लहान खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आत काय आहे त्याचा नमुना शिवलेला: शिंपल्याची, शिंगाची, लाकडी, पितळी, मागे कडी असलेली, कापडानं मढवलेली. वाचता न येणाऱ्यालाही त्या भिंतीपुढं उभं राहून हवं ते मिळालं असतं. दादांच्या माघारी वहिनी एकट्याच गल्ल्यावर बसायच्या. पण गल्लीतले शिंपी एकेक करून दुकान आवरून गेले. शेवटी समोरचा एक म्हातारा शिंपी उरला, आणि तोही बटणं कमी, गप्पा जास्त घेऊन जायचा.

तेव्हा वहिनींनी कुणालाही न विचारता इंटरनेटवर दुकान उघडलं. खिडकीजवळ करडा पुठ्ठा ठेवून, त्यावर बटण ठेवून, मोबाइलवर फोटो काढले. आणि एक गंमत झाली. लोक विकत घेण्याआधी पत्र लिहायला लागले. ईमेलमध्ये फोटो यायचा, वडिलांच्या कोटाचा, आईच्या स्वेटरचा, पाच बटणं जागेवर आणि सहाव्याच्या जागी दोरा. खाली लिहिलेलं: 'याचा जोडीदार आहे का?' वहिनी भिंतीसमोर उभ्या राहायच्या, डोळे बारीक करायच्या, आणि बहुतेक वेळा जोडीदार असायचाच. नसला तर सहाच्या सहा बदलायला सुचवायच्या. एका नाटक कंपनीचा कपडेपट तर सगळा त्यांच्याकडूनच बटणं मागवायला लागला. दुकानात गिऱ्हाईक नाही, पण दिवसभर उसंत नाही, असे ते दिवस होते. वहिनींच्या आयुष्यातले चांगले दिवस कोणते असं विचारलं असतं तर त्यांनी हेच सांगितले असते, पण विचारलं कुणी नाही.

एकच अडचण होती. दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता स्वतःचा नव्हता. ज्या कंपनीनं जागा दिली होती तिच्या नावाला शेपूट जोडून तो तयार झाला होता. मधे दोन आडव्या रेघा, शेवटी कसलेसे आकडे. फोनवर तो सांगता सांगता वहिनींच्या नाकी नऊ यायचे. तेव्हा त्यांनी ठरवलं, दुकानाच्या नावाचं सुटसुटीत डोमेन विकत घ्यायचं. हे त्या बोलता बोलता नणंदेला म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी लॅपटॉप घेऊन हजर.

"डोमेन म्हणजे काय माहितेय का वहिनी?" असं म्हणून त्यांनी गल्ल्यावर तीन खण उपडे केले. "हे शिंपल्याचं बटण म्हणजे गिऱ्हाईक. ही शिंगाची बटणं म्हणजे डीएनएस. पत्ता सांगणारा माणूस समजा. गिऱ्हाईक विचारतं, दुकान कुठाय? हा बोट दाखवतो. दुकानाकडे एक बोट, पत्रपेटीकडे दुसरं बोट. कळलं?"

"कळलं. पण आता ही बटणं वेगळी कोण करणार?"

"थांबा, ते नंतर."

ते नंतर वहिनींनीच केलं. दरम्यान भावजींनी डोमेन विकणाऱ्या कंपनीचं पान उघडून मजकूर भरायला घेतला. मालकाचं नाव या रकान्यात त्यांनी न विचारता, न अडखळता, दादांचं नाव टाईप केलं.

वहिनींनी चष्मा वर केला. "भावजी, हे तर यांचं नाव."

"मग? बाहेर पाटीवर कुणाचं आहे? बिलावर कुणाचं आहे? दुकान दादांचं. दादांचंच राहील."

"पण ते..."

"वहिनी," नणंद आतून म्हणाली. ती कौतुकानं बघायला आली होती. "माझ्या दादाचं नाव पुसायचंय का तुला?"

त्या घरात हे असंच होतं. दादा गेल्यापासून विजेचं बिल, बँकेचं पासबुक, दुकानाची पिशवी, सगळीकडे दादा होते. बटणं निवडायला, फोटो काढायला, पार्सलं बांधायला तेवढ्या वहिनी होत्या. दादांचं नाव काढायचं नव्हतंच त्यांना. त्याखाली आपलं लिहावं एवढंच मनात आलं होतं. पण ते बोलायला गेलं तर दवाखान्यातला तो अडकलेला पलंग आठवायचा. त्यांनी चष्मा पुन्हा खाली ओढला. पुढचे दोन रकाने भावजींनी झपाट्यानं भरले. ईमेलचा पत्ता म्हणून नव्या डोमेनवरचाच नवाकोरा पत्ता टाकला, कारण "स्वतःचं घर झाल्यावर शेजारच्याच्या दारात पत्रं का मागवायची?" मोबाइल नंबर स्वतःचा टाकला, कारण कोड वगैरे आला तर वहिनींना त्रास नको.

माणूस किती प्रेमानं खड्डा खणू शकतो याचं असं उदाहरण विरळा.

डोमेन लागलं. नव्या पत्त्यावर पत्रंही यायला लागली. पण गंमत अशी की पुढं तीनदा डब्ल्यू लावला तर दुकान उघडायचं, आणि नुसतं नाव टाकलं तर 'येथे लवकरच काहीतरी येत आहे' असं पांढरं पान. वहिनींनी कार्डं छापून घेतली होती, ती नुसत्या नावाची.

"पत्ता पसरतोय," भावजी म्हणाले. "जगभर पसरायला वेळ लागतो. थांबा."

वहिनी थांबल्या. जग बहुधा पसरून झालं, तरी पान पांढरंच. मग भावजींनी डीएनएसच्या यादीत दुकानाच्या जागेची नोंद घातली, पण पांढऱ्या पानाची जुनी तशीच ठेवली. त्यामुळे निम्म्या लोकांना दुकान दिसायला लागलं आणि निम्म्यांना पांढरं पान. समोरच्या शिंप्याच्या मोबाइलवर सकाळी दुकान, दुपारी पान.

"ताई," तो म्हणाला, "तुमचं दुकान माझ्या सुनेसारखं झालंय. मनात आलं तर दार उघडते."

भावजींना हे लागलं. त्यांनी कचेरीतून रजा काढली, गल्ल्यावर ठाण मांडलं आणि नोंदींच्या त्या यादीकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मग, घर आवरताना माणसाला अचानक चेव येतो तसा त्यांना आला. "कचरा झालाय सगळा. पुसून टाकतो. पाटी कोरी, मग हव्या तेवढ्याच दोन नोंदी." त्यांनी सगळं पुसलं. दुकानाच्या दोन नोंदी नीट घातल्या. थोड्या वेळानं नुसतं नाव टाकलं, आणि दुकान उघडलं! वहिनींच्या मोबाइलवर, शिंप्याच्या मोबाइलवर, नणंदेनं घरून फोन करून सांगितलं, तिच्याही. भावजींनी आनंदाच्या भरात पासवर्ड बदलला, अधिक अवघड ठेवला, खात्यातून रीतसर बाहेर पडले आणि लॅपटॉप मिटला. वहिनींनी कॉफी केली. फार दिवसांनी तो माणूस काहीतरी पुरं करून उठला होता.

पुसलेल्या नोंदींत पत्रपेटीकडे दाखवणारं बोटही होतं. ते पुन्हा घालायचं राहिलं.

पत्रं यायची थांबली. यात वाईट असं की न आलेलं पत्र दिसत नाही. वहिनींना वाटलं, लोक कुठं सुट्टीला गेले असतील. मग वाटलं, फोटो चांगले नसतील. त्यांनी पुठ्ठा बदलला, सगळे फोटो पुन्हा काढले. मग वाटलं, लोकांना आता जुने कोट नकोच असतील. हळूहळू त्यांना असं वाटायला लागलं की आपल्यालाच यातलं काही कळत नव्हतं. मधे थोडे दिवस चाललं, ते उगीच. ईमेलची रिकामी पेटी त्या दिवसातून कितीदा उघडायच्या ते त्यांनाच माहीत. भावजी येऊन विचारायचे, "कसं चाललंय दुकान?" त्या म्हणायच्या, "उघडतंय."

शेवटी नाटक कंपनीच्या कपडेपटाच्या बाईंचा फोन आला. त्या रागावलेल्याही नव्हत्या.

"अहो, इतकी पत्रं लिहिली, सगळी परत आली. आम्हाला वाटलं, तुम्ही बंद केलंत. बटणं आम्ही दुसरीकडून घेतली. आता वर्षाचं त्यांच्याशीच ठरलंय. म्हटलं, तुमची तब्येत तरी विचारावी."

वहिनींनी तब्येत बरी असल्याचं सांगितलं. फोन ठेवला आणि भावजींना बोलावलं.

भावजींच्या लक्षात चूक क्षणात आली. ते त्या बाबतीत हुशार होते. कपाळाला हात लावून म्हणाले, "पत्रांची नोंद! दोन मिनिटांचं काम आहे, वहिनी. थांबा." आणि पासवर्ड आठवेना. अवघड ठेवला होता ना.

"विसरलो म्हणून दाबा," वहिनी म्हणाल्या.

"दाबलं. नवा पासवर्ड पाठवलाय म्हणतंय."

"कुठं?"

भावजींनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. समोरून शिंपी येऊन उभा राहिला होता, तो वाकून वाचायला लागला. "दुकानाच्याच पत्त्यावर पाठवलाय की. जिथं पत्र पोचत नाही तिथं."

"म्हणजे पत्रं का येत नाहीत ते दुरुस्त करायची किल्ली पत्रानं येणार?" वहिनींनी विचारलं.

"मोबाइलवरही कोड येतो," भावजी घाईनं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. तो नंबर त्यांनी बंद केला होता. फोन कंपनीशी तत्त्वाचं भांडण झालं होतं. त्यात विजय मिळवला होता, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं.

उरला डोमेनवाल्या कंपनीचा मदतकक्ष. फोनवरची बाई अतिशय गोड होती. असल्या बायका नेहमीच असतात.

"खात्याचे मालक बोलताहेत का?"

"दुकान मी चालवते," वहिनी म्हणाल्या.

"हो मॅडम, पण खात्यावर तुमचं नाव नाहीये. मालकांनी हातात ओळखपत्र धरून फोटो पाठवला की लगेच करून देऊ."

"ते वारले."

"सॉरी, मॅडम." तिकडे थोडी टकटक झाली. "मग मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचं पत्र पाठवा. तुमच्या नावावर करून टाकू."

हे ऐकून वहिनींना बरं वाटलं. खरं तर नुसतं बरं नाही, अंगातून काहीतरी उबदार गेलं. तुमच्या नावावर करून टाकू, हे त्या दुकानाबद्दल त्यांना पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं, आणि तीही एक परकी बाई. त्यांनी दाखला शोधला, तहसील कचेरीतून वारसाचं पत्र काढलं, दोन्हींचे फोटो त्याच करड्या पुठ्ठ्यावर ठेवून काढले, नीट उजेडात, आणि पाठवले.

उत्तर आलं ते कंपनीच्या वेगळ्याच विभागाकडून. दाखल्यावरच्या तारखेनुसार सदर मालकांचं निधन खातं उघडण्याच्या बरंच आधी झालेलं आहे. मृत व्यक्तीच्या नावे खातं उघडणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत खातं गोठवण्यात येत आहे; त्यात कोणताही बदल किंवा नूतनीकरण करता येणार नाही.

शिंप्यानं ते दोनदा वाचलं. "म्हणजे ताई, तुमच्या यजमानांनी वर गेल्यावर खातं उघडलं. तिकडं नेट चांगलं असणार."

वहिनी हसल्या. ते हसू थांबेना. मग ते हसू राहिलं नाही, आणि शिंपी पाणी आणायला म्हणून जो गेला तो परत आला नाही.

भावजी आणि नणंद संध्याकाळी आले. भावजींनी कंपनीला लिहायच्या अर्जाचा मसुदा आणला होता, इकडचा मुद्दा, तिकडचा मुद्दा. वहिनींनी तो हातात घेतला नाही.

"भावजी, माझं नाव टाईप करायला जास्त वेळ लागला असता का हो?"

"वहिनी, दादांचा मान म्हणून..."

"मान! गेलेल्या माणसाला मान दिलात. जिवंत बाई शेजारी बसली होती, चष्मा लावून. तिला काय समजलात? गल्ला?"

"असं काय बोलतेस वहिनी?" नणंद म्हणाली. "हे रजा काढून राबले तुझ्यासाठी. आणि शेवटी माझ्या दादाचं नाव नडलं म्हणतेस?"

"तुझा दादा मला विचारल्याशिवाय या भिंतीतला एक खण हलवत नव्हता. तुम्ही त्याच्या नावानं अख्खं दुकान हलवलंत."

नणंद रडायला लागली. ती उठून गेली आणि जाताना चपला घालायचंही भान तिला राहिलं नाही, असं ती पुढं सगळ्या नात्यात सांगत फिरली. चपला तिनं घातल्या होत्या. भावजी बसून राहिले. दवाखान्यात बसायचे तसेच. वहिनींना वाटलं, हा आता थांबा म्हणेल आणि आपण याच्या डोक्यात पितळी बटणांचा खण घालू. पण ते लॅपटॉपच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

चौकशी चालू राहिली. वहिनींनी अर्ज केले, भावजींनी कबुलीजबाब लिहून दिला की नाव मी घातलं, गुन्हा माझा. गोड बाई दर वेळी गोड बोलायची आणि तो दुसरा विभाग आहे म्हणायची. इतक्यात डोमेनची वर्षाची मुदत संपली. मुदत संपत आल्याच्या सूचना कंपनीनं वेळच्या वेळी पाठवल्या होत्या, त्या बंद पेटीत. आणि कळल्या असत्या तरी गोठलेल्या खात्यात मुदत वाढवता येत नव्हती.

तरी एक आशा होती. मुदत संपलेलं नाव काही काळानं पुन्हा विक्रीला मोकळं होतं. तेव्हा ते कुणीही घेऊ शकतं. मग वहिनीही घेऊ शकल्या असत्या, आणि यावेळी स्वतःच्या नावानं. भावजींनी त्या दिवसाचा हिशेब काढला. त्या दिवशी दुपारी ते दोन मोबाइल आणि लॅपटॉप घेऊन दुकानात आले. मालकाच्या रकान्यात त्यांनी वहिनींचं नाव आधीच भरून ठेवलं होतं, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. तेवढं त्यांनी वहिनींना दाखवलं. वहिनी मान वळवून खिडकीतून बघायला लागल्या, पण खुर्ची त्यांनी जवळ ओढली होती.

भावजी पान पुन्हा पुन्हा ताजं करत होते. 'उपलब्ध नाही.' 'उपलब्ध नाही.' गल्लीतून एक टेम्पो मागे घेताना पीं पीं करत होता. मग एकदा 'उपलब्ध नाही'च्या खाली बारीक अक्षरांत नव्या मालकाची नोंद दिसली. नाव मोकळं झालं होतं आणि त्याच क्षणी गेलंही होतं. अशी नावं टिपणारी यंत्रं असतात. ती माणसासारखी बटण दाबत बसत नाहीत.

"गेलं?" वहिनींनी विचारलं.

"गेलं," भावजी म्हणाले.

त्या पत्त्यावर आता केस गळतीवरचं तेल मिळतं. गेलेली गिऱ्हाइकं जुन्या, शेपटाच्या पत्त्यावर काही परतली नाहीत. वहिनींनी वर्षअखेर दुकान आवरलं, आणि बटणं एका खेळणी बनवणाऱ्या कारखान्यानं वजनावर नेली.